लग्न माझं, घटस्फोट ताईचा

एकाच घरात एकीकडे पत्रिकेचे नमुने आणि दुसरीकडे कोर्टाची फाईल. त्यात घर ख्रिस्ती! चर्च म्हणतं गाठ सुटत नाही, कायदा म्हणतो सुटते, आजी म्हणते बघू. या तिघांच्या मध्ये सापडलेल्या एका होणाऱ्या नवरीने विचारलेले काही प्रश्न...

आमच्या भिवंडीच्या घरात टीव्हीखालच्या कपाटावर सध्या दोन फाईली पडलेल्या असतात. एक गुलाबी, एक खाकी. गुलाबी माझी. तिच्यात पत्रिकेचे नमुने, हॉलची पावती, केटररची रेट लिस्ट आणि केकचे सोळा फोटो. खाकी फाईल ताईची. ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिच्यात ठाण्याच्या कोर्टात केलेल्या अर्जाची कॉपी, वकिलांच्या फीच्या पावत्या आणि तिच्या लग्नाचा दाखला. मागच्या महिन्यात घाईघाईत मी चुकीची फाईल उचलली आणि थेट कल्याण नाक्यावर केटररच्या टेबलावर उघडली. त्या भल्या माणसाने चष्मा नीट केला, पहिली ओळ मोठ्याने वाचली, ‘अर्जदार क्रमांक एक...’ आणि माझ्याकडे बघत राहिला.

‘‘मॅडम, ऑर्डर कॅन्सल समजू का?’’

ऑर्डर कॅन्सल नाही. लग्न जानेवारीत आहे, बिर्याणी होणारच आहे. पण त्या दिवशी रिक्षात बसून घरी येताना मला पहिल्यांदा टेन्शन आलं. फुलांचं नाही, पार्लरचं नाही. मी जे वचन द्यायला निघालेय, तेच वचन ताईने सहा वर्षांपूर्वी दिलं होतं. त्याच शब्दांत. मी मागे उभी राहून तिच्या गाऊनची शेपटी सांभाळत होते. मग आता नेमकं काय मोडलं? आणि मोडायची परवानगी कुणी कुणाला दिली?

भिवंडीत ख्रिश्चन असतात का, हा मला कॉलेजपासून विचारला जाणारा प्रश्न. असतात बॉस! थोडे असतात, पण असतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात आम्ही १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही धड नाही. त्यातले काही इथे, यंत्रमागांच्या खडखडाटात, गोदामं आणि मेट्रोचे खांब यांच्या मधल्या गल्ल्यांत राहतात. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी इकडे आले. आम्ही प्रोटेस्टंट. रविवारी ‘उपासना’, पाळक साहेब, हार्मोनियमवर मराठी गाणी. आणि ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय तो वसईचा, पक्का कॅथलिक. घरी ते लोक त्यांची सामवेदी बोली बोलतात, ती मला अर्धीच कळते. बाहेरच्यांना वाटतं, दोघंही ख्रिश्चन, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा नाही, पण लग्न म्हणजे काय या एका मुद्द्यावर या दोन घरांत सुमारे पाचशे वर्षांचं भांडण आहे. मार्टिन ल्यूथरपासूनचं!

दोन दिवसांचा क्लास

कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी कोर्स करावा लागतो. हो, लग्नाचा कोर्स. शनिवार-रविवार. मुंबईतल्या जोडप्यांना माहीमचं स्नेहालय हे सेंटर माहीत असतं. आमचा वर्ग वसईकडे होता. मी सकाळी अंजूरफाट्यावरून एसटी पकडून चिंचोटीमार्गे पोचले तेव्हा अर्ध्या तासाचा उशीर झाला होता आणि वर्गात पैशांच्या भांडणांवर चर्चा चालू होती. कोर्स बरा होता हं. मला वाटलं होतं नुसतं प्रवचन असेल. पण डॉक्टर येऊन बोलल्या, एक काउन्सेलर आला, एका मध्यमवयीन जोडप्याने आम्ही किती वेळा वेगळे व्हायच्या बेतात होतो हे हसत हसत सांगितलं. बजेटचा तक्ता भरायला दिला तेव्हा माझ्या होणाऱ्या नवऱ्याला कळलं की मी महिन्याला कॉफीवर किती उडवते. असो.

दुसऱ्या दिवशी फादर बोलायला उभे राहिले. लग्न हा करार नाही, संस्कार आहे, असं त्यांनी सांगितलं. कॅथलिक चर्च सात संस्कार मानतं, त्यात बाप्तिस्मा जसा, तसंच लग्न. आणि गंमत म्हणजे हा संस्कार फादर देत नाहीत! नवरा-नवरी एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने तिथे हजर असतात आणि दोघांची संमती विचारून घेतात. शिवाय दोघांचा बाप्तिस्मा झालेला असला की पुरे. म्हणजे मी प्रोटेस्टंट असले तरी माझं लग्न त्यांच्या हिशेबात तितकंच पक्कं. बिशपांची परवानगी तेवढी लागते, तो फॉर्म गुलाबी फाईलमध्ये आहे.

मी हात वर केला. माझ्या शेजारी बसलेल्याने डोळे मिटून घेतले, कारण तो मला ओळखतो.

‘‘फादर, माझ्या बहिणीचा घटस्फोट होतोय. मग तिचा संस्कार पुसला जाणार का?’’

वर्गात शांतता. फादर मात्र अजिबात बिचकले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. एक, ‘घटस्फोट’. दुसरा, ‘शून्यता’.

घटस्फोट म्हणजे लग्न होतं आणि आता संपलं. हे कोर्ट करतं, आणि कॅथलिक चर्चच्या मते त्याने संस्कार संपत नाही. शून्यता म्हणजे लग्न झालंय असं सगळ्यांना वाटलं, पण मुळात ते जुळलंच नव्हतं. कुणी धाक दाखवून बोहल्यावर उभं केलं असेल, कुणी मूल नकोच हे मनात ठरवून लपवलं असेल, कुणाची मनाची अवस्थाच अशी असेल की लग्नाची जबाबदारी पेलणं त्याला शक्यच नव्हतं. अशा कारणांसाठी चर्चच्या न्यायालयात दाद मागता येते. तिथे साक्षी होतात, कागद तपासले जातात, आणि तिथे एक अधिकारी असतो ज्याचं कामच मुळी लग्नाची बाजू मांडणं! ‘डिफेंडर ऑफ द बाँड’ म्हणतात त्याला. नवऱ्याचा वकील नाही, बायकोचा नाही, लग्नाचा वकील. मला ही कल्पना फारच आवडली. आपल्या प्रत्येक भांडणात असा एक माणूस सोफ्यावर बसलेला असता तर?

पूर्वी असा निकाल लागला की तो दुसऱ्या न्यायालयाने पुन्हा मान्य करावा लागायचा. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली आणि सरळसोट प्रकरणांसाठी बिशपांसमोर चालणारी छोटी प्रक्रियाही आणली. ते बदल त्याच वर्षी ८ डिसेंबरला लागू झाले. मुलांचं काय, असं मागच्या रांगेतल्या एकीने विचारलं. लग्न शून्य ठरलं तरी मुलं औरसच राहतात, तो प्रश्नच येत नाही, असं फादर म्हणाले.

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी ऐकून वर्गातल्या निम्म्या लोकांनी ‘ऑ?’ केलं. घटस्फोट झालेल्या कॅथलिक माणसाला मिस्सामध्ये कम्युनियन घ्यायला बंदी नाही! चर्चच्या दृष्टीने अडचण सुरू होते ती पहिलं लग्न शून्य न ठरवता दुसरं केल्यावर. त्या दुसऱ्या लग्नातल्या लोकांना चर्चने कसं सांभाळून घ्यावं, यावर पोपसाहेबांनी २०१६ मध्ये ‘अमोरिस लेटिशिया’ हे लांबलचक पत्र लिहिलं, आणि त्यातल्या एका तळटीपेवरून जगभरचे बिशप अजून वाद घालतायत. तळटीपेवरून! पण नुसता घटस्फोट झाला म्हणून वेदीपासून लांब बसायचं, हा नियम कुठेच नाही. तो आपण बनवलाय. कॅथलिकांनी बनवलाय आणि आम्ही प्रोटेस्टंटांनीही.

मला ताई आठवली. आमच्या चर्चमध्ये ती गायनमंडळात कीबोर्ड वाजवायची. दोन वर्षं झाली, ती शेवटच्या बाकावर बसते आणि शेवटच्या गाण्याआधी चपला घालते.

वकीलबाईंच्या टेबलावर

ताईसोबत मी ठाण्याला गेले होते, तिच्या वकीलबाईंकडे. भिवंडीत कोर्ट असताना ठाण्याला का, हा मला पडलेला पहिला प्रश्न. कारण ख्रिस्ती जोडप्याचा अर्ज घटस्फोटाच्या वेगळ्या कायद्याखाली, जिल्हा न्यायालयात जातो. कायदा १८६९ चा आहे. गांधीजींचा जन्म त्याच वर्षीचा!

‘‘तू तीस-पस्तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे आली असतीस ना,’’ वकीलबाई ताईला म्हणाल्या, ‘‘तर मी तुला चहा पाजून घरी पाठवलं असतं.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा चहा थंड झाला. मूळ कायद्यात नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की झालं. बायकोला मात्र तेवढं पुरायचं नाही. नवरा मारतो? पुरेसं नाही. सोडून गेला? पुरेसं नाही. बाहेर प्रकरण आहे? तेही एकटं पुरेसं नाही! व्यभिचार अधिक क्रूरता, किंवा व्यभिचार अधिक दोन वर्षं सोडून जाणं, असा कॉम्बो लागायचा. परस्पर संमतीने वेगळं होण्याची सोय तर नव्हतीच. म्हणजे दोन शहाण्या माणसांना शांतपणे दूर व्हायचं असलं तरी एकाने दुसऱ्यावर चिखल उडवायलाच हवा. बरं, जिल्हा न्यायाधीशांनी दिलेला घटस्फोट हायकोर्टाने पक्का करेपर्यंत कच्चाच. पोटगीचा अंतरिम हप्ता नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या वर नाही. आणि कळस म्हणजे बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाकडून नवऱ्याला नुकसानभरपाई मागता यायची. गाडीला कुणी धडक दिली की मागतो ना आपण, तशी!

तुम्ही म्हणाल, हे चर्चमुळे. मलाही तसंच वाटलं होतं. पण हा कायदा पोपने केला नव्हता, तो इंग्रजांनी आपल्या १८५७ च्या कायद्यावर बेतून इथे आणला. इंग्लंडने स्वतःच्या बायकांसाठी तो भेदभाव १९२३ मध्ये काढूनही टाकला. आपल्याकडे तो राहिला. विधी आयोगाने १९६० पासून अहवाल दिले, बिलं आली, बारगळली. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर जॉर्डन डिएंगडेह यांचा खटला आला. त्या खासी ख्रिस्ती, परराष्ट्र सेवेत अधिकारी. लग्न पार मोडलेलं, पण कायद्यात सुटकेची वाट नाही, हे पाहून कोर्टाने विवाहाच्या कायद्यात बदल करायला हवा असं बजावलं. त्याच वर्षीचा शाहबानो निकाल सगळ्या देशाला पाठ आहे. हा कुणाला आठवतही नाही. १९९५ मध्ये केरळ हायकोर्टाने आणि १९९७ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने, प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात, बायकांवरची ती दुहेरी अट घटनाविरोधी ठरवली. म्हणजे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बाईला नुसत्या छळाच्या कारणावर घटस्फोट मिळू लागला तो १९९७ नंतर. मी तेव्हा जन्मले होते की नव्हते एवढ्यातली गोष्ट आहे ही!

शेवटी २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. नवरा-बायकोला कारणं सारखी, छळ आणि सोडून जाणं ही स्वतंत्र कारणं, हायकोर्टाच्या शिक्क्याची अट गेली, पोटगीची ती एक पंचमांशाची मर्यादा गेली, नुकसानभरपाईचं कलम गेलं. आणि आलं कलम १०-अ, परस्पर संमतीचं. या बदलासाठी खुद्द चर्चच्या संस्था आणि ख्रिस्ती महिला संघटना वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागल्या होत्या, हे वकीलबाईंनी मुद्दाम सांगितलं. ज्या चर्चला घटस्फोट मान्य नाही त्यातलीच माणसं चांगला घटस्फोट कायदा मागत होती. मला यात विसंगती दिसली. वकीलबाईंना दिसली नाही. ‘‘मरण कुणाला हवं असतं? म्हणून इस्पितळ बांधायचं नाही का?’’ त्या म्हणाल्या आणि दुसरी फाईल उघडली.

ताईचा अर्ज १०-अ खाली आहे. त्यात अजून एक खोच आहे. हिंदू विवाह कायद्यात वर्षभर वेगळं राहिलं की संमतीचा अर्ज करता येतो, ख्रिस्ती जोडप्यासाठी कायद्याच्या पुस्तकात दोन वर्षं लिहिलीयत. केरळ हायकोर्टाने २०१० मध्ये ही दोन वर्षं एक धरावीत असं सांगितलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये तर ती थांबण्याची सक्तीच घटनाविरोधी ठरवली. पण पुस्तकातला आकडा संसदेने अजून बदललेला नाही. ताई म्हणाली, वाद कशाला, काढू दोन वर्षं. काढली. त्यानंतर अर्ज, मग पुन्हा किमान सहा महिने थांबायचं, मग दोघांनी येऊन सांगायचं की होय, आमचा विचार पक्का आहे. ती तारीख फेब्रुवारीत आहे. माझ्या लग्नानंतर पाच आठवड्यांनी.

(ज्यांना असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी: चर्चच्या न्यायालयाने लग्न शून्य ठरवलं म्हणून कायद्याने तुम्ही मोकळे होत नाही. सुप्रीम कोर्टाने हे १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात सांगितलं आणि २०१७ मध्ये मंगळूरच्या क्लॅरेन्स पैस यांची याचिका फेटाळताना पुन्हा सांगितलं. तेवढ्या कागदावर दुसरं लग्न केलं तर द्विभार्येचा गुन्हा लागू शकतो. कॅथलिक माणसाला पुन्हा चर्चमध्ये लग्न करायचं तर दोन्हीकडचे कागद हवेत.)

आजीची लक्ष्मीबाई

आता आजी. आजी नगरची, वय ८२, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून पुन्हा वाचायला लागलीय. तिच्या उशाशी दोन पुस्तकं असतात. एक बायबल, दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, ज्याचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. ताई आमच्याकडे राहायला आली त्या पहिल्या रात्री आजीने तिला एकच वाक्य ऐकवलं, ‘‘लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं काढली.’’

शाळेत धडा वाचलेल्यांना आठवत असेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पंधरा वर्षांचा संसार, पदरी लहान मुलगा, घर कर्मठ चित्पावनांचं. नवरा बाटला म्हणजे त्या काळी बायकोसाठी तो मेल्यातच जमा, आणि कुंकू मात्र कपाळावर! लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या. जवळजवळ पाच वर्षांनी त्या टिळकांकडे परत गेल्या ते ‘सोवळं’ सांभाळतच, आपलं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग हळूहळू, स्वतःच्या डोक्याने विचार करून, १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

या गोष्टीतलं एक पान मला माहीत नव्हतं, ते या लेखाच्या निमित्ताने सापडलं. टिळकांना त्या पाच वर्षांत लग्न मोडता आलं असतं. १८६६ चा एक कायदाच होता, ख्रिस्ती झालेल्या माणसांसाठी. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला तयार नसेल तर कोर्टात जायचं. कोर्ट त्या जोडीदाराला विचारणार, नकार आला तर वर्षभर थांबून पुन्हा विचारणार, तरीही नकार असेल तर लग्न रद्द. दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे. या कायद्याचं मूळ सापडतं संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात. विश्वास न ठेवणारा जोडीदार स्वतःहून निघून जात असेल तर मागे राहिलेल्याने बांधून राहायची गरज नाही, असा त्याचा आशय. म्हणजे पार सुरुवातीच्या चर्चमध्येसुद्धा ‘कधीच नाही’ला एक अपवाद होता, आणि कॅथलिक चर्चही तो आजपर्यंत मानतं.

टिळकांनी ती वाट घेतली नाही.

मी हे आजीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. ‘‘बघ, म्हणजे दोघांनीही धरून ठेवलं.’’ ताई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिथूनच तिने शांतपणे विचारलं, ‘‘आजी, टिळक त्यांना पत्रं लिहायचे ना?’’

‘‘लिहायचे की. कविता पण पाठवायचे.’’

‘‘मला अडीच वर्षांत वाढदिवसाचा एक मेसेज आला. तोही इंग्लिशमध्ये, फॉरवर्डेड.’’

आजी काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून पाच वर्षांचं वाक्य पुन्हा आलेलं नाही. आणि हो, परवा ताईला कोर्टाच्या दिवशी घालायला आजीने स्वतःची जांभळी साडी काढून इस्त्रीला दिली.

करपलेली भाजी

आमच्या पाळक साहेबांकडे मी मुद्दाम गेले. मला भांडण करायचं होतं, खरं सांगते. चर्चमधल्या दोन काकूंनी ताईला ‘तू पुरेशी प्रार्थना केलीस का गं?’ असं विचारलं होतं, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं होतं.

पाळक साहेबांनी बायबलच उघडलं. परुशी येऊन येशूला विचारतात की कुठल्याही कारणासाठी बायको सोडता येते का, तो प्रसंग. ‘‘प्रश्न कोण विचारतंय बघ,’’ ते म्हणाले. ‘‘पुरुष. आणि कशाबद्दल, तर आपल्या सोयीबद्दल.’’ त्या काळी यहुदी धर्मपंडितांत दोन पंथ होते. शम्मायचे लोक म्हणत, अनैतिक वर्तन असेल तरच. हिल्लेलचे लोक म्हणत, बाईने स्वयंपाक करपवला तरी चालेल! अशा बाईच्या हातात सूटपत्र ठेवलं की तिचं पुढे काय, याची कुणाला फिकीर नव्हती. येशू हे दार बंद करतो ते या पार्श्वभूमीवर. मोशेने परवानगी दिली ती तुमच्या कठोर मनांमुळे, सुरुवातीला तसं नव्हतं, असं तो सांगतो. मार्कच्या शुभवर्तमानात या नियमाला अपवादच नाही, मत्तयात व्यभिचाराचा अपवाद आहे. त्या एका अपवादावरून प्रोटेस्टंट आणि कॅथलिक वेगळ्या रस्त्याला लागले. ल्यूथर म्हणाला लग्न पवित्र आहे पण संस्कार नाही, ते या जगातलं, राज्यकर्त्यांच्या कायद्यातलं काम आहे. म्हणून आमच्याकडे बऱ्याच मंडळ्यांत पाळक प्रकरण बघून घटस्फोटितांचं दुसरं लग्न लावतात. सगळे नाही. काही ठाम नकार देतात.

‘‘आणि मारहाण?’’ मी विचारलं. मत्तयात मारहाणीचा अपवाद नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की मन कठोर करून घर सोडणारी बाई नसते, तिच्यावर हात उगारणारा असतो. वचन त्याने आधीच टाकलेलं असतं. हे उत्तर मला पूर्ण पटलं असं नाही. सोयीचं वाटलं जरा. पण त्यांनी ते सोयीसाठी दिलं नव्हतं हेही दिसत होतं. जाता जाता म्हणाले, ताईला सांग, कीबोर्डवर धूळ बसलीय.

ताईच्या बाबतीत मारहाण नव्हती, हे सांगायला हवं. लोकांना ते हवं असतं, म्हणजे मग पटकन कळतं कुणाची बाजू घ्यायची. तिचा नवरा वाईट माणूस नाही. दुबईची नोकरी, वर्षातून दोनदा येणं, मूल नको म्हणणं, मग फोन कमी होणं, मग तिचा फोन त्याने न उचलणं. तिने तीन वेळा काउन्सेलिंग ठरवलं, तो एकदा आला. ‘‘एकटीने लग्नात राहून बघितलं मी,’’ ती मला म्हणाली, ‘‘दोन वर्षं.’’ आता तोही म्हणतोय की सही करतो. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये म्हटलंय की लग्न पार कोसळलेलं असेल तर ते स्वतःच्या खास अधिकारात घटस्फोट देऊ शकतं. पण कोसळलंय हे ठरवणारं बाहेरचं कुणी असतं का? ताई म्हणते, तिला एका मंगळवारी कळलं, गॅसचं बुकिंग करताना. नवऱ्याचा नंबर द्यायचा होता आणि तो तिला आठवेना.

जगाचं म्हणाल तर कॅथलिक देशांनीही हा प्रश्न आपापल्या गतीने सोडवला. इटलीत घटस्फोट १९७० मध्ये आला, आयर्लंडमध्ये १९९५ च्या सार्वमताने, तोही काठावर पास होऊन. चिलीत २००४, माल्टात २०११. फिलिपिन्समध्ये बहुसंख्य लोकांसाठी आजही नाही.

सुरूच्या झाडांखाली

कोर्सच्या शेवटी आम्ही दोघं सुरुची बागेत गेलो. वसईकरांना माहितीये, किनाऱ्यावर सुरूची झाडं आणि खाली हातात हात घेतलेली कॉलेजची पोरं. आम्ही त्यांच्यात काका-काकू.

त्याने विचारलं, ‘‘तू सोडून जाशील? कधी?’’

मी म्हटलं, ‘‘हात उचललास तर त्याच रात्री.’’

‘‘आणि तसं काही न होता? ताईसारखं?’’

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. समुद्र होता, संध्याकाळ होती, तेच म्हणायला हवं होतं. पण दोन दिवस लग्नाच्या वकिलाबद्दल ऐकून आलेली मुलगी खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, माहीत नाही. तो बराच वेळ वाळूत रेघा ओढत बसला. त्याच्या घरात आजवर कुणाचा घटस्फोट झालेला नाही. त्याच्या आईने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, अभिमानाने. माझं ‘माहीत नाही’ त्याला लागलं. मलाही लागलं. जेवायचं ठरलं होतं तेही राहिलं. भिवंडीच्या एसटीत मी रडले आणि कंडक्टरने सुट्टे पैसे मागितलेच नाहीत.

रात्री एक वाजता त्याचा फोन आला. तो म्हणाला, फादर बोलले ते आठवलं का, आपण दोघं एकमेकांना देतो ते? म्हणजे तुला जसं माहीत नाही, तसं मलाही माहीत नाही. माझ्या आईलाही माहीत नव्हतं. ती फक्त सांगत नाही. मग आम्ही ठरवलं की भांडणानंतर जो आधी फोन करेल त्याला दुसऱ्या दिवशी कॉफी, माझ्या बजेटमधून. आणि आणखी एक ठरवलं.

चर्चमध्ये लग्न लागल्यावर रजिस्टरवर नवरा-नवरी सह्या करतात आणि दोन साक्षीदार. त्याच्याकडून त्याचा भाऊ. माझ्याकडून ताई. ताईने आधी ठाम नकार दिला. अपशकुन वगैरे आम्ही मानत नाही, पण लोक काय म्हणतील हे सगळे धर्म मानतात! फादरना विचारलं, घटस्फोटाची केस चालू असलेली बाई साक्षीदार चालते का? ते म्हणाले, तिने बघितलं पाहिजे आणि तिला कळलं पाहिजे काय चाललंय, एवढंच लागतं. तिच्या इतकं कुणाला कळणार?

काल रात्री ताई टेबलावर सही करून बघत होती. माझ्या पत्रिकेच्या नमुन्याच्या मागे, पेन्सिलने. दोन वेळा माहेरच्या आडनावाने, एकदा सासरच्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘जानेवारीत अजून मी मिसेसच असेन गं कागदावर. कुठलं लिहू?’’

मी फादरना व्हॉट्सअॅप केलं. सकाळी उत्तर आलं: आधार कार्डावर असेल ते.

आधारवर माहेरचं आहे. तिने ते बदललंच नव्हतं. सहा वर्षं राहूनच गेलं होतं.